स्वातंत्र्यस्तंभाची जबाबदार व्यक्ती

मस्कतमधल्या रुवीच्या स्नेहवर्धक मराठी मंडळाला यंदा स्वातंत्र्य हवं होतं, आणि ते बारा फूट उंच हवं होतं. तसा रीतसर ठरावच झाला. पंधरा ऑगस्ट शुक्रवारी, म्हणजे ऐन सुट्टीच्या दिवशी येत होता. इतकी सोयीची तारीख नुसत्या समोशांवर आणि प्रश्नमंजूषेवर घालवणं कार्यकारिणीच्या जिवावर आलं. हॉलच्या मधोमध स्वातंत्र्याचं स्मारक उभारायचं, असं अध्यक्षा सुगंधाताईंनी सुचवलं आणि अकराच्या अकरा सदस्यांनी हात वर केले.

घोड्याने पेंड खाल्ली ती पुढे. स्मारक कुठलं? प्रत्येकाला आपल्याच गावच्या चौकातलं हवं होतं, आणि दुसऱ्याच्या गावात स्वातंत्र्य जरा उशिराच पोचलं होतं, असं प्रत्येकाचं म्हणणं पडलं. दोन तास हमरीतुमरी झाली. शेवटी मंडळाचे सचिव कृष्णकांत परचुरे यांनी तोडगा काढला. कुठल्याच गावाचं नाही असं स्मारक करायचं. एक उंच खांब, वर दोन मुठी आणि दोन्ही मुठींमध्ये तुटलेली साखळी.

"तुटलेली?" सुगंधाताई म्हणाल्या. "चांगल्या कार्यात तुटकी वस्तू? मला नाही बाई पटत."

म्हणून ठरावात दुरुस्ती झाली. साखळी कार्यक्रमाच्या वेळी तुटेल आणि कार्यक्रम संपल्यावर पुन्हा जोडता येईल, अशी असावी. ठराव एकमताने मंजूर.

कृष्णकांत मूळचे पुण्याचे. रुवीतल्या एका बांधकाम कंपनीत बावीस वर्षं प्रशासकीय व्यवस्थापक. माणूस नेमका, टापटिपीचा. त्यांच्या केबिनमध्ये एक पोलादी कपाट होतं आणि त्यात कंपनीच्या एक्केचाळीस कामगारांचे पासपोर्ट आद्याक्षरांप्रमाणे लावलेले असत. कामगाराचा पासपोर्ट कंपनीने अडकवून ठेवू नये, असा या देशाचा कायदा आहे. कृष्णकांतांना तो कलमासकट पाठ होता. त्यामुळे ते पासपोर्ट अडकवून ठेवत नसत. कामगार ते स्वेच्छेने ठेवायला देत. त्यासाठी नमुना क्रमांक सात होता, त्याचं नाव 'स्वेच्छापत्र'. जो स्वेच्छेने सही करणार नाही त्याला नमुना आठ भरावा लागे. त्यात आपल्याला स्वेच्छा का झाली नाही याची कारणं तीन प्रतींत लिहायची असत. बावीस वर्षांत नमुना आठ कोणी भरला नव्हता. एवढी स्वेच्छा क्वचितच कुठल्या कंपनीत सापडेल.

"यांचं कसं आहे," कृष्णकांत पाहुण्यांना समजावून सांगत, "पासपोर्ट हातात दिला, की माणूस पळतो." आजवर एकही पळाला नव्हता. त्यावरून व्यवस्था किती चोख आहे हे सिद्धच होत होतं.

स्तंभ करायचा तर सुतार हवा. कंपनीत सुतार होता. सिराज, रत्नागिरीकडचा, जवळच्या हमरिया वस्तीत सहा जणांच्या खोलीत राहणारा, हाताला सफाई असलेला. तो जुलैअखेरीला आपण होऊनच केबिनच्या दारात येऊन उभा राहिला.

"साहेब, एकवीस तारखेचा तिकीट काढलाय. चोवीसला पोरीचा निकाह हाय, आमच्या सबीहाचा. तीन वर्सं झाली, घराकडं गेलो नाय. पासपोर्ट मिळंल ना?"

"मिळेल की. रजा मंजूर आहे तुझी," कृष्णकांत मनापासून म्हणाले. ते काही दुष्ट नव्हते. "मुलीचं लग्न म्हणजे काय चेष्टा आहे का? तेवढं मंडळाचं एक काम करून दे, झालं."

दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावर काम करायला उन्हाळ्यात बंदी असते. कामगाराच्या जिवाला जपणारा चांगला नियम आहे. त्याच तीन तासांत सिराजने स्तंभ करावा, असं कृष्णकांतांनी ठरवून दिलं. कारण पत्र्याची शेड म्हणजे काही उघडं नव्हे. सिराज घामाने निथळत प्लायवूड कापत राहिला. खांब आतून पोकळ, मागे माणूस जाईल एवढं दार, वर मुठी. साखळीच्या मधल्या कडीत त्याने अशी खिट्टी बसवली, की आतून दोरी ओढली तर साखळी तुटावी आणि सोडली तर जोडली जावी. सुगंधाताईंनी येऊन चारदा तोडून पाहिली, चारदा जोडून पाहिली आणि समाधानाने सुस्कारा टाकला.

घरी, अल खौदच्या फ्लॅटमध्ये, कृष्णकांतांच्या पत्नी शैलाताई स्तंभासाठी तिरंगी झालर शिवत होत्या. मशीन थांबवून त्या म्हणाल्या, "अहो, माझा पासपोर्ट काढून द्या ना जरा. ताईचं गुडघ्याचं ऑपरेशन आहे मिरजेला. आठ दिवस जाऊन येईन म्हणते."

"कार्यक्रम होऊ दे, मग बघू," कृष्णकांत म्हणाले. ते भाषण लिहीत होते. शैलाताईंनी मशीन पुन्हा सुरू केलं.

मुलगी अंतरा दहावीत. तिला शाळेत नाही, पण मंडळात मराठी बोलावं लागे. ती आपल्या भाषणाचा कागद घेऊन आली. "बाबा, हे स्वातंत्र्य म्हणजे आपण जिथे राहतो तिथलं, की जिथे नाही राहत तिथलं?"

"असले फाटे फोडू नकोस. पाठ कर," कृष्णकांत म्हणाले.

हॉलच्या व्यवस्थापनाचा एक अर्ज होता. हॉलमध्ये मोठी वस्तू उभी करायची असेल तर तिची एक 'जबाबदार व्यक्ती' लागे. नाव, पासपोर्ट क्रमांक, सही. ती व्यक्ती वस्तू आणण्यापासून तिची विल्हेवाट लागेपर्यंत जबाबदार. हा रकाना वाचल्यावर अकरा देशभक्त मूग गिळून बसले. एकाचा व्हिसा नूतनीकरणाला गेला होता. दुसऱ्याला डॉक्टरांनी जबाबदारी घ्यायची मनाईच केली होती. सुगंधाताईंना वाटत होतं की अध्यक्षांनी वैयक्तिक प्रसिद्धीपासून दूर राहावं.

"ज्याने घडवलं त्याच्या नावाचा मान त्यालाच मिळायला हवा," कृष्णकांत म्हणाले. यावर इतक्या टाळ्या पडल्या की दोघांचे डोळे पाणावले. पासपोर्ट क्रमांक घ्यायला सिराजला त्रास द्यायची गरजच नव्हती. कपाट उघडलं, क्रमांक लिहिला, कपाट बंद केलं. सिराजने दाखवलेल्या जागी सही केली. अर्ज इंग्रजीत आणि अरबीत होता. सिराजला वाटलं, पासपोर्ट परत मिळायचा कागद असेल. त्याने सही जरा ठसठशीतच केली.

पंधरा तारखेला हॉल गच्च भरला. खुर्च्या सदस्य-कुटुंबांसाठी होत्या. कामगार बांधवांसाठी मागे उभं राहण्याची उत्तम सोय होती. स्तंभावर प्रकाश पडला होता, झालर झळकत होती. एकच पंचाईत झाली. एसीचा झोत थेट स्तंभावर येत होता आणि स्वातंत्र्य डुलत होतं.

"पडलं तर?" सुगंधाताईंची पाचावर धारण बसली.

"आतून कोणीतरी धरायला हवं," कृष्णकांत म्हणाले आणि जबाबदार व्यक्तीकडे पाहिलं.

सिराज आत शिरला. मागचं दार लावून घेतलं. तीन तासांचा कार्यक्रम होता. ईशस्तवन झालं, दीपप्रज्वलन झालं, देणगीदारांचे सत्कार झाले. मग कृष्णकांत चाळीस मिनिटं बोलले. पायातल्या बेड्या, उंच भरारी, मोकळा श्वास, काही म्हणून सोडलं नाही. "आज हा स्तंभ आपल्याशी बोलतो आहे!" ते शेवटी गरजले. "फक्त ऐकणारे कान हवेत!"

आतून कोणीतरी खोकलं. पण टाळ्यांमध्ये ते विरून गेलं.

ठरल्याप्रमाणे दोरी ओढली गेली, साखळी खळकन तुटली, तीनशे मोबाइल वर झाले. मग हुतात्म्यांसाठी दोन मिनिटं शांतता. सगळे माना खाली घालून उभे. आणि त्या शांततेत स्तंभाच्या पोटात फोन वाजला. सिराजने अंधारात बंद करायला बोट दाबलं, ते नेमकं भलतीकडे पडलं. सगळ्या हॉलला ऐकू गेलं.

"अब्बा? पासपोर्ट गावला काय? येतास ना नक्की?"

मग आतून दबक्या आवाजात, "येतंय गो बाय. आता ठेव. मी स्वातंत्र्यात हाय."

हॉलमध्ये एकजात सगळे गहिवरले. अनिवासी भारतीयाच्या व्यथेवरचं इतकं प्रभावी ध्वनिनाट्य मस्कतमध्ये प्रथमच सादर झालं, असा संदेश मंडळाच्या ग्रुपवर रात्री फिरला. संकल्पना म्हणून कृष्णकांतांचं नाव होतं. त्यांनी ते नाकारलं नाही.

शनिवारी हॉल रिकामा करायचा होता. सिराज करवत घेऊन आला, तर ग्रुपवर वादळ उठलेलं. स्वातंत्र्य करवतीने कापायचं? राष्ट्राच्या प्रतीकाचे तुकडे कचऱ्यात? एका सदस्याने तर हे पाहण्यापेक्षा आपण मंडळ सोडू असं लिहिलं. त्यांनी वर्गणी भरली नसल्याने ते मंडळात नव्हतेच, तरी भावना पोचल्या. स्मारक सन्मानपूर्वक कुठे आणि कसं विसर्जित करावं याचा विचार करायला उपसमिती नेमली गेली. तिची पहिली बैठक एकोणतीस ऑगस्टला ठरली, कारण त्याआधी सगळे कुठे ना कुठे गुंतले होते.

सोमवारी सिराज पुन्हा केबिनच्या दारात.

"साहेब, पासपोर्ट."

कृष्णकांतांनी चष्मा काढून पुसला. "अरे, अडचण झालीय बघ. विल्हेवाट लागेपर्यंत तू जबाबदार आहेस. तुझी सही आहे. जबाबदार व्यक्तीच देशाबाहेर गेली, तर स्वातंत्र्याकडे बघायचं कोणी?"

"एकोणतीसला बैठक हाय. निकाह चोवीसला हाय."

"म्हणून तर म्हणतो, निकाह थोडा पुढे नाही का ढकलता येणार? राष्ट्रासाठी लोकांनी काय काय सोडलं रे." हे म्हणताना कृष्णकांतांचा आवाज थोडा कापला. स्वतःचं बोलणं त्यांना नेहमीच भिडायचं.

सिराज पायऱ्यांवर जाऊन बसला आणि बराच वेळ दोन्ही हातांच्या तळव्यांकडे बघत राहिला. रडू त्याला येत होतं, पण ड्युटीची वेळ होती.

हॉलवाल्यांनी मात्र मंगळवारची मुदत दिली. स्तंभ पिकअपवर चढवून आधी अल खौदला नेला, तर इमारतीच्या रखवालदाराने हात जोडले. लिफ्टमध्ये मावेना आणि जिन्यात वळेना. खाली पार्किंगमध्ये ठेवला, तर एका रहिवाशाने तक्रार केली की स्वातंत्र्यामुळे त्याला गाडी बाहेर काढता येत नाही. शेवटी एकच जागा उरली. कंपनीच्या मालकाची, म्हणजे अर्बाबची, इब्राला खजुराची बाग होती. तिथे कोपऱ्यात ठेवायचं ठरलं. वाटेत वाऱ्याने उडू नये म्हणून सिराजला पुन्हा आत बसवलं. इब्रापर्यंत दीड-दोन तासांचा रस्ता. कृष्णकांत पुढे ड्रायव्हरशेजारी एसीत बसले आणि अधूनमधून मागच्या काचेवर टकटक करून "सगळं ठीक?" म्हणून विचारत राहिले.

बागेत अर्बाब खजुराच्या सावलीत कहवा पीत बसले होते. वय सत्तरीच्या पुढे, पांढरी स्वच्छ पायघोळ दिश्दाशा, आणि हिंदी आपल्यापेक्षा चांगली. तिरंगी झालर लावलेला बारा फुटी खांब पिकअपवरून उतरताना पाहून त्यांनी हातातला फिंजान, कहव्याचा तो चिमुकला पेला, खाली ठेवला.

"कृष्ना, ये क्या है?"

"आज़ादी का स्मारक, अर्बाब."

"आज़ादी? किस से?"

"इंग्रजों से."

"वो अभी भी हैं?"

"नहीं नहीं, वो गए. अठहत्तर साल हो गए."

अर्बाबने मान डोलावली. "हमारा नॅशनल डे आता है नवंबर में. हम झंडा लगाते हैं, गाडी सजाते हैं, बच्चे लोग हॉर्न बजाते हैं, खलास." त्यांनी उठून काठीने स्तंभावर टकटक केली. आतून, इतक्या तासांच्या सवयीने, दोरी ओढली गेली आणि वर साखळी खळकन तुटली. अर्बाब दोन पावलं मागे सरले.

"अंदर कौन है?"

मागचं दार उघडलं आणि सिराज बाहेर आला. शर्ट पिळून काढावा असा भिजलेला, पापण्यांवर भुसा. अर्बाबने त्याला ओळखलं. घरातली सगळी दारं त्यानेच बसवली होती.

"सिराज! तू तो छुट्टी जाने वाला था. बेटी की शादी है ना?"

"जी अर्बाब. पासपोर्ट साहेब के पास है. और मैं इसका," त्याने स्तंभाकडे बोट केलं, "इसका ज़िम्मेदार हूं."

अर्बाब कृष्णकांतांकडे वळले. "पासपोर्ट तेरे पास क्यूं?"

"कंपनीचा... कंपनी का नियम है, अर्बाब."

"किसने बनाया?"

कृष्णकांतांनी आठवून पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना हा प्रश्न कोणी विचारला होता. इथल्या लोकांना असंच लागतं, अशा समजुतीने त्यांनी बावीस वर्षांपूर्वी, नोकरीच्या दुसऱ्या आठवड्यात, नमुना सात स्वतःच्या हाताने टाइप केला होता. कोणी सांगितलं नव्हतं. सांगायच्या आधीच करून ठेवलं होतं.

"मैंने," ते म्हणाले.

"बाईस साल से मैं वो अलमारी देखता हूं," अर्बाब सावकाश म्हणाले. "मैं समझा, ये तुम इंडिया वालों का रिवाज है."

आपण इतकी वर्षं विचारलं का नाही, हे अर्बाबच्याही डोक्यात आलं असावं, कारण त्यांनी काठी उगाचच दोनदा वाळूत रोवली. मग एकदम आवाज चढवून म्हणाले, "यल्ला! आज का आज दे दो. इसका भी, सबका भी. खलास!"

त्या संध्याकाळी रुवीच्या ऑफिसात एक्केचाळीस माणसांची रांग लागली. कृष्णकांतांनी पासपोर्ट दिले, पण असेच नाहीत. नमुना नऊ त्यांनी परतीच्या वाटेत मोबाइलवरच तयार केला होता: मी माझा पासपोर्ट स्वेच्छेने परत घेत आहे. सिराजने सही करण्याआधी या वेळी तो कागद दुसऱ्याकडून वाचून घेतला. गुरुवारी तो विमानात बसला. चोवीस तारखेला निकाह झाला. सबीहाशेजारी उभ्या असलेल्या सिराजचा फोटो कृष्णकांतांच्या मोबाइलवर आला. खाली लिहिलं होतं, 'साहेब, दुवा करा.' कृष्णकांतांनी हात जोडलेली खूण पाठवली आणि ताबडतोब रजेचे दिवस मोजले.

पण त्यांना खरं दुःख झालं ते त्याआधीच, बुधवारी सकाळी. पासपोर्ट वाटून रात्र गेली होती. ते सहालाच ऑफिसच्या खिडकीत येऊन उभे राहिले, कोण कोण पळालं ते टिपायला वही घेऊन. सात वाजता बस आली. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस उतरले. डबे घेऊन, जांभया देत, नेहमीसारखे. एकही पळाला नाही. कृष्णकांतांना हे फार लागलं. बावीस वर्षं आपण नेमकं काय सांभाळत होतो, असा एक विचार त्यांच्या मनात आला. पण ऑफिसची वेळ झाल्यामुळे त्यांनी तो पुढे चालू दिला नाही.

एकोणतीसच्या बैठकीत अर्बाबने निरोप पाठवल्याचं कळलं. स्तंभाला आता बकऱ्या बांधतात, त्यांना सावली छान पडते, राहू द्या. उपसमितीने अभिनंदनाचा ठराव केला. जबाबदार व्यक्ती देशाबाहेर असल्याने नवं नाव सुचवण्याची विनंती झाली आणि बैठक घाईने संपली.

कृष्णकांत घरी आले. शैलाताई दिवाणावर बॅग उघडून बसल्या होत्या. साड्यांच्या घड्या घातलेल्या, कडेला मिरजेसाठी खजुराचा डबा.

"अहो, पासपोर्ट देताय ना माझा? ऑपरेशन होऊन दहा दिवस झाले ताईचं. निदान टाके काढायला तरी जाते."

कृष्णकांतांनी शर्टाच्या खिशावरून हात फिरवला. कपाटाची किल्ली तिथेच होती. मस्कतला येऊन बावीस वर्षं झाली, शैलाताईंचा पासपोर्ट पहिल्या दिवसापासून ऑफिसातल्या त्याच कपाटात होता, पुढे अंतराचाही. कोणी सांगितलं नव्हतं. हरवू नये म्हणून, काळजीपोटी.

"देतो की," ते म्हणाले, आणि मग सवयीने, "पण एवढं अडलंय का तुझं?"

शैलाताईंनी हातातली घडी खाली ठेवली. नवऱ्याकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "अर्बाबना फोन लावू का मी?"

कृष्णकांतांनी किल्ली काढून दिली. झटपट दिली. त्याबद्दल त्यांचं कौतुक करायला हवं.

आता तुम्ही म्हणाल, असली माणसं तिकडे आखातातच. बरोबरच आहे. तुमच्याकडे असलं काही नाही. तुमच्या घरातली बाईमाणसं कुठेही जायला मोकळी आहेत, हे तुम्ही त्यांच्यासमोर चारचौघांत कितीदा सांगितलं असेल. त्या बिचाऱ्या फक्त निघायच्या आधी एकदा तुम्हाला विचारतात. आणि तुम्ही कुठे नाही म्हणता? 'बघू' एवढंच तर म्हणता.